दुखण्याआधीची भेट

(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर. बोलण्यातली वळणं शक्य तितकी तशीच ठेवली आहेत.)



या व्यासपीठावर इतिहासावर बोललं गेलंय, अर्थकारणावर बोललं गेलंय, ज्ञानेश्वरीवर तर कितीदा तरी. दातांच्या डॉक्टरला बोलवावं आणि लहान मुलांच्या भीतीवर बोलायला सांगावं, हा ठराव समितीत एकमतानं मंजूर झाला असेल असं मला वाटत नाही. पण ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं त्यांनी जन्मभर पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले. सहा-सात वर्षांचं मूल घाबरलं की कसं वागतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या आधारानंच मी उभी आहे.

आपल्या डोंबिवलीचा दातांशी जुना संबंध आहे. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली विको कंपनी सुरू केली. तिचा कारखाना आपल्याच औद्योगिक वसाहतीत आहे आणि पेंढरकरांच्या नावाचं महाविद्यालयही आपल्याकडेच आहे. दूरदर्शनच्या काळात विकोच्या वज्रदंती टूथपेस्टची जाहिरात पाठ नाही असं पोर सापडायचं नाही. म्हणजे दात घासा हे साऱ्या देशाला सांगण्यात डोंबिवलीचा वाटा आहे. आणि तरीही भारतीय दंत परिषदेनं २००२-०३ मध्ये देशभर पाहणी केली तेव्हा पाच वर्षांच्या मुलांत निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले निघाले. पाच वर्षांचं मूल म्हणजे अजून एकही दात न पडलेलं मूल. या मुलांना दवाखान्यात आणायचं तर आधी त्यांची भीती आडवी येते, आणि दवाखान्यात आणलं नाही तर भीती वाढते. आज बोलायचंय ते या चक्राबद्दल.

भीती येते कुठून? स्टॅनली रॅकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये तिच्या तीन वाटा सांगितल्या. एक, स्वतःला आलेला वाईट अनुभव. दोन, दुसऱ्याला घाबरलेलं पाहणं. तीन, नुसतं ऐकणं. माझ्याकडे पहिल्यांदाच येणारी कितीतरी मुलं दारातूनच रडत येतात. त्यांनी खुर्ची पाहिलेली नसते, मशीनचा आवाज ऐकलेला नसतो. त्यांना अनुभव कुठला असणार? ती आलेली असतात दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेनं, आणि या दोन्ही वाटा घरातून निघतात.

आपल्या लहानपणी न जेवणाऱ्या पोराला बागुलबुवा न्यायचा. हल्ली बागुलबुवाला कुणी भीत नाही, म्हणून त्याच्या जागी आमची नेमणूक झाली आहे. ‘भात संपव, नाहीतर डॉक्टरकाकांकडे नेऊन सुई टोचायला सांगीन.’ ‘दात घासले नाहीस ना, आता बघ, सगळे उपटून काढतील.’ हे बोलणाऱ्या आईच्या मनात वाईट काही नसतं, तिला फक्त भात संपायला हवा असतो. पण चार वर्षांचं मूल शब्दाला शब्द म्हणूनच घेतं. सुई ही शिक्षा आहे आणि ती देणारा माणूस अमुक ठिकाणी बसतो, एवढं ते पक्कं शिकतं. पुढे एक दिवस खरोखरच दाढ दुखते आणि त्याच माणसाकडे आपण त्याला हात धरून नेतो. मुलाच्या हिशेबात ही शिक्षाच असते. ते रडणार नाही तर काय करणार?

बाहेरच्या बाकावर आणखी एक शाळा भरलेली असते. आजी शेजारच्या बाईंना सांगत असतात, गावाकडे वैदूनं पकडीनं दाढ कशी उपटली, चार माणसांनी कसं धरलं होतं, रक्त कसं थांबेना. आजींची गोष्ट खोटी नसते. तोंड बधिर करणारं औषध ही माणसाला फार उशिरा मिळालेली वस्तू आहे. आपल्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यक शिकत होत्या, त्याच सुमारास, १८८४ मध्ये, व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनं कोकेननं डोळा बधिर होतो हे दाखवलं आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हॅलस्टेडनं जबड्याच्या नसेवर तोच प्रयोग केला. आज आम्ही वापरतो ते लिडोकेन स्वीडनमध्ये तयार झालं १९४३ मध्ये. ते खेड्यापाड्यांत पोचायला आणखी काही दशकं गेली. तेव्हा आजींच्या पिढीची भीती ही अनुभवाची भीती आहे, तिला मी हसणार नाही. फक्त ती गोष्ट नातवाच्या कानाशी, खुर्चीवर बसण्याआधी पाच मिनिटं सांगू नये एवढीच विनंती आहे.

आता रॅकमनच्या पहिल्या वाटेकडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे.

आपल्याकडे मूल दातांच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा कधी येतं? गाल सुजल्यावर. त्याआधी लवंगेचं तेल झालेलं असतं, उरलेलं कसलंसं सिरप झालेलं असतं, दोन रात्री जागून काढलेल्या असतात. हे दुखरं, चिडलेलं, उपाशी मूल आमच्यासमोर बसतं आणि नेमकं तेव्हाच आमचं हत्यार बोथट झालेलं असतं. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते. अशा जागी बधिर करणाऱ्या औषधाचा फारच थोडा भाग नसेच्या आत शिरू शकतो. म्हणजे निरोगी हिरडीत जे इंजेक्शन चोख काम करतं, तेच सुजलेल्या हिरडीत अर्धवट करतं. मुलाला दुखतं. डॉक्टर वाईट म्हणून नव्हे, मूल हट्टी म्हणूनही नव्हे, तर आपण उशिरा आलो म्हणून. मग ते मूल मोठं होईपर्यंत पुन्हा येत नाही, आणि येतं तेव्हा पुन्हा गाल सुजलेला असतो.

याची दुसरी बाजूही अभ्यासली गेली आहे. ग्रॅहॅम डेव्ही या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये मांडलं की दुखरा उपचार झालेले सगळेच लोक पुढे दातांच्या डॉक्टरला घाबरत नाहीत. त्या उपचाराआधी ज्यांच्या बिनदुखण्याच्या काही भेटी झालेल्या होत्या, त्यांच्यात भीती कमी मुरली. आधीच्या कंटाळवाण्या भेटी पुढच्या एका वाईट भेटीपासून माणसाला सांभाळतात. मला वाटतं, या सगळ्या विषयात पालकांच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. पहिली भेट कंटाळवाणी झाली पाहिजे. खुर्ची वर गेली, खाली आली, दात मोजले, आरशात पाहिलं, घरी गेलो. पहिला दात आल्यावर सहा महिन्यांच्या आत, नाहीतर पहिल्या वाढदिवसापर्यंत ही भेट व्हावी, अशी आमच्या बालदंतवैद्यक शाखेची शिफारस आहे. हे सांगितलं की पालक हसतात. एक वर्षाच्या बाळाला दातांचा डॉक्टर! पण त्याच बाळाला आपण लशीसाठी कितीदा नेतो, आणि लस तर दुखते.

‘अहो, दुधाचे दात, पडणारच आहेत ना?’ हा प्रश्न आता विचारलाच जाईल, म्हणून आधीच उत्तर देते. दुधाचे दात वीस. पुढचे साधारण सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तीन वर्षांच्या मुलाची दाढ किडली तर ती अजून सात-आठ वर्षं राहायची आहे. शिवाय सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधी कुणी नसतं, काही पडतही नाही, म्हणून ती आल्याचं घरात कळत नाही. पालक तिला दुधाची समजून सोडून देतात. ती आयुष्यभराची दाढ असते. आठव्या वर्षी किडलेली पाहिली की मला खरंच राग येतो, आणि मी तो आवरते.

आता आपल्या गावांबद्दल थोडं. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही लोकलच्या वेळापत्रकावर चालणारी शहरं आहेत. आई-बाबा सकाळच्या गाडीनं निघतात आणि रात्री आठ-साडेआठला परत येतात. मूल शाळा, पाळणाघर, शिकवणी करून थकलेलं असतं. मग रात्री नऊची वेळ मागितली जाते, कारण तेवढीच मोकळी असते. लहान मुलाच्या उपचाराला याहून वाईट वेळ नाही. झोपेला आलेलं मूल नव्या गोष्टीला तयार नसतं, पालकही दमलेले असतात, आणि डॉक्टरचा तो दिवसातला शेवटचा पेशंट असतो. तिघांचाही धीर संपत आलेला असताना आपण मुलाकडून धीराची अपेक्षा करतो. जमेल तर सकाळ घ्या, पोटात थोडं काही असताना घ्या. सुट्टीच्या दिवशी घ्या, रजा काढून घ्या. लग्नाला रजा मिळते, मुंजीला मिळते. आणि आजी-आजोबा आणणार असतील तर त्यांच्याबरोबर घरात काय ठरलंय ते नीट सांगून पाठवा.

एक गोष्ट थोडी धीटपणे बोलते. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून मराठी घरांत ते मूल वाढवण्याचं एक पुस्तकच झालं आहे. त्यात श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो, आणि आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. पुढे तो पोहायला शिकतो. आपल्यापैकी अनेकांच्या मनात भीतीवरचा उपाय म्हणून हेच चित्र आहे: ढकला, म्हणजे जाईल. दवाखान्यात वडील मला सांगतात, ‘मी हात धरतो, तुम्ही करून टाका.’ साने गुरुजींबद्दल मला अपार आदर आहे. पण विहिरीवर पाण्यात उतरल्यावर श्यामच्या हातपायांना काम होतं, जिंकायला काहीतरी होतं. खुर्चीवर धरून ठेवलेल्या मुलाला काहीच करायचं नसतं, फक्त सोसायचं असतं. त्यातून पोहणं शिकता येत नाही, विहीर टाळणं तेवढं शिकता येतं. आमच्या शाखेलाही हे कळायला वेळ लागला. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करायचं, ही पद्धत अमेरिकेत पाठ्यपुस्तकांतून शिकवली जायची. तिथल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेनं ती २००६ मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतून काढून टाकली. फार जुनी गोष्ट नाही.

मग काय करायचं? १९५९ मध्ये ॲडल्स्टन या दंतवैद्यानं एक साधा क्रम लिहून ठेवला: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. मशीन तोंडात घालण्याआधी मुलाच्या नखावर फिरवायचं. पाण्याचा फवारा आधी तळहातावर. जे दाखवलं तेच करायचं, दाखवलं नाही ते करायचं नाही. हात वर केलास की मी थांबेन असं मुलाला सांगायचं आणि मूल उगाच परीक्षा घ्यायला हात वर करेल तेव्हाही खरोखर थांबायचं. बहुतेक मुलं एक-दोनदा परीक्षा घेतात, मग विसरतात. थांबवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे एवढं कळलं की तो वापरायची गरज उरत नाही.

याच्याही मागे जायचं तर १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, जेमतेम तीन वर्षांच्या, सशाला घाबरणाऱ्या मुलावर केलेलं काम आहे. पीटर आवडीचं खात बसलेला असताना ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा, मग रोज थोडा जवळ आणायचा. न घाबरणारी मुलं सशाशी खेळताना त्याला पाहू द्यायची. शेवटी पीटरनं ससा मांडीवर घेतला. आवडीचं खाणं म्हणजे त्यात गोळ्याही होत्या, हे दातांच्या डॉक्टरनं सांगायला नको होतं. पण त्यातली दुसरी युक्ती आपल्याकडे सहज जमते. घरात मोठं भावंड असेल, चुलत-मामे-आतेभाऊ असेल आणि ते बिनधास्त बसणारं असेल, तर त्याच्या तपासणीला धाकट्याला बरोबर आणा, काही करून घ्यायला नव्हे, नुसतं बघायला. १९७५ मध्ये बार्बरा मेलामेड यांनी मुलांना दुसऱ्या मुलाच्या उपचाराची फिल्म दाखवून भीती कमी होते का ते तपासलं, आणि ती कमी झाली. आपल्याकडे फिल्मही लागत नाही, दादा किंवा ताई पुरे.

घरून निघताना काय बोलावं, हे पालक फार विचारतात. कमी बोलावं. ‘काही दुखणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण थोडं टोचलंच तर तुम्ही आणि मी दोघंही खोटे ठरतो. ‘तोंडात किडे झालेत’ असं तर मुळीच नको. आणि ‘घाबरू नको हं, घाबरू नको’ हे पुन्हा पुन्हा म्हणू नका. मुलांना इंजेक्शन देतानाच्या अभ्यासांत असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे की पालक जितकं ‘घाबरू नको’ म्हणतात तितकं मूल जास्त अस्वस्थ असतं. मोठ्यांच्या आवाजातली काळजी मुलाला आधी ऐकू जाते. त्यापेक्षा शाळेतलं काहीतरी विचारा, क्रिकेटचं बोला. रडलं तर रडू द्या. रडणारं मूलही तोंड उघडू शकतं. काम झाल्यावर ‘बघ, उगाच रडलास’ म्हणू नका, ‘तोंड उघडं ठेवलंस, म्हणून लवकर झालं’ म्हणा. आणि बधिर ओठ दोन-तीन तास चावू देऊ नका. मुलं गंमत म्हणून चावतात आणि संध्याकाळी ओठ सुजला की आम्हाला शिव्या बसतात.

एक चांगली बातमीही आहे, तिचा पालकांमध्ये फारसा गाजावाजा झालेला नाही. प्रत्येक किडलेल्या दाताला मशीन लावावंच लागतं असं आता राहिलेलं नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचा द्रव कापसाच्या बोळ्यानं किंवा छोट्या ब्रशनं किडीवर लावला की बऱ्याचदा कीड तिथेच थांबते. इंजेक्शन नाही, आवाज नाही. जपानमध्ये तो १९७० च्या सुमारापासून वापरात आहे. त्याचा दोष एकच, लावलेली जागा काळी पडते. पालकांना ते आवडत नाही, विशेषतः पुढचा दात असेल तर. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या दंतवैद्यानं दुधाच्या किडलेल्या दाढेवर, कीड न कोरताच, स्टीलची टोपी दाबून बसवायची पद्धत रूढ केली. तीही काही मुलांत उत्तम चालते. तुमच्या डॉक्टरला हे विचारायला संकोच करू नका. काही मुलांना मात्र यातलं काहीच चालत नाही, काम मोठं असतं, वय फारच लहान असतं, किंवा स्वमग्नतेसारखी अडचण असते. तिथे नायट्रस ऑक्साइड हा वायू किंवा रुग्णालयात भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली पूर्ण भूल हा रीतसर मार्ग आहे. होरेस वेल्स या दंतवैद्यानं डिसेंबर १८४४ मध्ये हाच वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती. भुलेला घाबरून मुलाला चौघांनी धरून ठेवणं हा काही सुरक्षित पर्याय नव्हे.

शेवटी शाळांकडे येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली. तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. या कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची एकदा तपासणी व्हायची असते, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातांची कीड आहे. ही मोठी सोय आहे आणि ती मागून घ्यायची असते. मुख्याध्यापकांना विचारा, यंदाचं पथक कधी येणार. खासगी शाळांत दंततपासणी शिबिरं होतात, पण तिथे टॉर्च मारून तोंडात पाहायचं, कार्डावर ‘किडलेले दात ४’ लिहायचं आणि पुढचं मूल घ्यायचं, एवढंच घडतं. त्या कार्डाचा घरी काही उपयोग होतो असं माझ्या पाहण्यात नाही. त्यापेक्षा बालवाडीच्या मुलांना एका सकाळी जवळच्या दवाखान्यात नुसतं फिरवून आणलं तर जास्त काम होईल. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० मध्ये सुरू केली आणि मनाच्या आजारांबद्दल चारचौघांत बोलण्याची सवय या शहराला लावली. दातांच्या भीतीसाठी तर एवढी संस्थाही लागणार नाही, वर्गशिक्षिका आणि एक मोकळी सकाळ पुरेल.

म्हणून इथे बसलेल्या आणि हे छापील वाचणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एक मागणी करते. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत प्रत्येकानं महिन्यातून एका रविवारी सकाळचा एक तास फक्त अशा मुलांसाठी राखून ठेवावा ज्यांना काहीही करून घ्यायचं नाही. त्या तासात मशीन सुरू करू नये, त्या तासाचे पैसेही घेऊ नयेत. आणि पालकांनो, पुढच्या महिन्यात तुमच्या घरातलं सर्वांत लहान, हसतंखेळतं, कुठेच न दुखणारं मूल घेऊन त्या तासाला या.